जिन्याखालचा खोकला

मंगळवार, ७ तारीख

आमच्या ह्यांनी आज पुस्तकं कापून उरल्यासुरल्या कागदांची वही शिवली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "घे. खाली तुला बोलायला कोणी नाही, तर हिच्याशी बोल. माझ्या कानांना तेवढीच सुट्टी." इतकी वर्षं संसार झाला, पण टोमणा मारायची हौस काही फिटली नाही ह्यांची. वहीची पानं निम्मी पिवळी, निम्मी पांढरी, मधेच एक चक्क निळं. शिवण मात्र सुरेख. शिवणीच्या बाबतीत मी ह्यांना नावं ठेवत नाही, ती मीच शिकवलीय.

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुस्तकं बांधण्यात जन्म गेला, वाचायला सवड कोणाला होती? लिहायचं म्हणजे आणखीच अवघड. पण आज सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

मला नात झाली!

हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, कोणी हसलं तर हसू दे. गुरुवारी झाली, रविवारी घरी आली. आणि नेमका त्याच आठवड्यात मला ताप आला, सर्दी झाली. ताप गेला, सर्दी गेली, पण खोकला राहिला. तोही ओला. छातीत नुसतं खदखदतंय, जणू आत कोणी चूल पेटवून पुस्तकं चिकटवायची खळ शिजवत ठेवलीय. पोरगी वजनाने कमी भरली म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी हुकूम काढला, "आजीची छाती साफ होईपर्यंत आजी खाली, बाळ वर."

खाली म्हणजे आमचं पुस्तकबांधणीचं दुकान आणि मागची छोटी खोली. वर दोन खोल्या, त्यात बाळंतपणासाठी इथे आलेली सून, बाळ, विहीणबाई आणि माझा मुलगा. हे दिवसा खाली काम करतात ते दारं-खिडक्या सताड उघडी टाकून, आणि वर जाताना कोपरापर्यंत हात धुतात. मला बाळ दिसतं ते असं: सून जिन्याच्या वरच्या पायरीवर येते, मी खालच्या. ती गाठोडं जरा तिरकं करते. मला दिसतं दुपटं, कधी नाकाचा शेंडा. म्हणून मी तिचं नावच गाठोडं ठेवलंय.

अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. सगळ्या जगाने घेतलं. दूधवाल्याच्या बायकोनेसुद्धा घेतलं.

बुधवार, ८ तारीख

डॉक्टरीणबाईंनी लाल औषधाची बाटली दिली. म्हणाल्या, हे कफ सुटायचं औषध आहे, सोबत भरपूर पाणी प्या. मी म्हटलं, पाण्याचं काय ते नंतर बघू, खोकला थांबायचं द्या. त्या म्हणाल्या, "थांबवायचा नाहीये आजी, बाहेर काढायचा आहे." शिकलेल्या बायका कधीकधी उलटंच बोलतात.

दुपारी जिन्याशी उभी राहून सुनेला विचारलं. आमची सून औषधाच्या दुकानात काम करते. करते म्हणजे काय, तिच्याविना ते दुकान उघडतासुद्धा येत नाही, भिंतीवर तिचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. हुशार आहे. जरा कडक आहे. पण कडक पुठ्ठाच पुस्तक सांभाळतो, असं माझं मत.

ती वरून म्हणाली, "आई, छातीत नळ्या असतात ना, त्यांना आतून नेहमीच चिकट थर असतो. धूळ, जंतू त्याला चिकटतात. आणि त्याच्याखाली असतात बारीक बारीक केस. ते सारखे वरच्या बाजूला हलत असतात, थर घशापर्यंत ढकलतात. मग आपण तो गिळून टाकतो."

"शी!"

"शी काय, रोज गिळता तुम्ही. मीही गिळते."

"मी नाही हो गिळत," आतून विहीणबाई ओरडल्या.

"तूही गिळतेस, आई. तर आजारात तो थर वाढतो आणि घट्ट होतो. केसांना हलेना. मग शरीर खोकून धक्का देतं."

मला लख्ख समजलं. ही आमची खळच की! दोन दिवसांची खळ घट्ट झाली की ब्रशचे केस एकमेकांना चिकटून बसतात, पुठ्ठ्यावर पुढे सरकत नाहीत. त्यात कढत पाणी घातलं की पुन्हा सैल होते. मी तसं म्हणाले तर सून जिन्यावरच हसली. म्हणाली, "अगदी तसंच. हे औषध नळ्यांमध्ये पाणी सुटायला लावतं. पण पाणी तुम्ही प्यालात तर सुटणार ना! नुसत्या औषधाच्या जिवावर राहू नका, ते काही फार मोठं पहिलवान नाही."

मी पाणी पितेय. पिते आणि पळते, पिते आणि पळते. जिना चढायला परवानगी नाही, पण मागच्या अंगणातली वाट आता पाठ झालीय.

शुक्रवार, १० तारीख

आज एक काम आलं. पलीकडच्या शाळेतल्या बाई जाडजूड शब्दकोश छातीशी धरून आल्या, पिशवीतून पाणी ठिबकतंय. छताचा पाइप फुटला, कपाटात पाणी शिरलं. त्यांच्या वडिलांचा शब्दकोश, समासात वडिलांच्या हाताने लिहिलेलं. बाई रडायच्या बेतात. मी म्हटलं, बसा, पाणी प्या. आजकाल मी सगळ्यांना पाणीच पाजते.

हे म्हणाले, "हे काम तुझं." ओल्या पुस्तकाला घाई चालत नाही आणि ह्यांना दम नाही. पुस्तक उभं करायचं, पंख्यासारखं उलगडायचं, थोड्या थोड्या पानांमध्ये टीपकागद घालायचा, ओला झाला की बदलायचा. हळूहळू पाणी बाहेर येऊ द्यायचं. माझा मुलगा खाली डोकावला, दारातूनच म्हणाला, "आई, एवढं कशाला? दाबाच्या यंत्रात घाल, चाक फिरव, सपाट होईल."

मी त्याला म्हटलं, "तू ऑफिसातच बरा. ओलं पुस्तक मिटून दाबलं की बाहेरून दिसतं छान आणि आत कुजतं. पानाला पान चिकटून वीट होते."

"बरं बाई, वीट नको," म्हणत गेला. दुकानाच्या धंद्यात पोरगं पडलं नाही तेच बरं झालं.

वरून विहीणबाईंचा आवाज दिवसभर येत असतो. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या पण आवाज अजून नोकरीवर आहे. बाळ रडलं की म्हणतात, "चला, चला, पुढे सरका, आत जागा आहे!" आणि बाळ गप्प बसतं. मला ऐकू येतं ना. माझ्या हातांना नुसती खाज सुटते. त्या दिवसभर मांडीवर घेऊन बसतात आणि वर मला जिन्यातून सांगतात, "पाठ मोडली हो माझी, या लवकर आणि घ्या तुमची नात!" मुद्दाम मला खिजवतात.

रविवार, १२ तारीख

पुढच्या रविवारी मुलगा-सून बाळाला घेऊन त्यांच्या घरी जाणार. रजा संपते त्याची. मोटारीने चार-पाच तासांचा रस्ता. मग आम्ही दुकान सोडून कधी जाणार आणि ते कधी येणार? तोवर पोरगी बसायला लागेल. हे असं लहान लहान असणं पुन्हा थोडंच मिळतं! गाठोडं काय आयुष्यभर गाठोडं राहणार आहे?

म्हणजे हातात हा एक आठवडा. शनिवारी डॉक्टरीणबाई छाती तपासणार. साफ असली तर मांडीवर घ्या म्हणाल्यात.

आणि खोकला बघावा तर वाढलाय! औषध घेतल्यापासून जास्त. आधी कोरडं खरवडल्यासारखं तरी होतं, आता घळघळ. मी सुनेला सांगितलं तर तिला आनंद झाला. म्हणे सुटतोय, छान, येऊ दे बाहेर. तिच्या दुकानातही लोक असेच भांडायला येतात म्हणे, तुमच्या औषधाने खोकला वाढला म्हणून.

मी मान डोलावली. पण मनात आलं ते इथे लिहिते, इथे काय चोरी? सुनेला मी खालीच बरी वाटत असेन. पहिलं बाळ, तिची आई जवळ. सासू हवी कशाला? खोकणारी तर नकोच. असं वाटलं खरं. लिहून झाल्यावर आता जरा लाज वाटतेय, पण पान फाडलं तर शिवण सैल होईल म्हणून राहू देते.

मंगळवार, १४ तारीख

आज पुठ्ठ्यांच्या फळीमागे एक बाटली सापडली. गेल्या वर्षी ह्यांना खोकला झाला होता, कोरडा, ठसका लागून जीव जायचा, तेव्हाची. अर्ध्याहून जास्त शिल्लक. मला पक्कं आठवतंय, दोन चमचे घेतले की ह्यांचा खोकला दिवा मालवावा तसा बंद व्हायचा.

मी विचार केला, एक औषध कफ सोडवतं, दुसरं खोकला थांबवतं. दोघं मिळून काम लवकर उरकतील. दुकानात आम्ही दोघं आहोत म्हणून तर चालतं. आणि सुनेला विचारलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते तिने. डॉक्टरीणबाईंचं औषध सोडायचं नाहीच आहे, मग विचारायचं तरी काय?

संध्याकाळी दोन्ही घेतली. ते जुनं गोड आहे चवीला.

बुधवार, १५ तारीख

खोकला गेला! गेला गेला गेला!

सकाळपासून एकदाच आला, तोही पाहुण्यासारखा. हे म्हणाले, "आज घर फार शांत आहे, तुला बरं नाही का?" सून जिन्याशी आली आणि कान देऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, आज खोकत नाही?" मी म्हटलं, "तुझ्या औषधाचा गुण." पोरगी इतकी खूश झाली की गाठोडं जवळजवळ उभंच केलं. आज मला एक अख्खा कान दिसला. ह्यांच्यावर गेलाय, जरा बाहेर आलेला. असू दे, केसांनी झाकेल.

शब्दकोश चांगला वाळतोय.

गुरुवार, १६ तारीख

आज एका पुस्तकाचे भाग उलटे शिवले. आधी शेवट, मग सुरुवात. हे हसले, मग हसायचे थांबले. झोप येतेय सारखी. छातीवर कोणीतरी शब्दकोश ठेवल्यासारखं वाटतंय. श्वास घेताना आत मांजर गुरगुरतं. पण खोकला नाही, ते महत्त्वाचं. शनिवार परवावर आला.

पाणी कमी झालं आज. उठायचा कंटाळा.

शनिवार, १८ तारीख

काल लिहिलं नाही. काल फार तमाशा झाला. अगदी पहिल्यापासून सांगते.

दुपारी मला वाटलं, एवढी बरी झालेय तर जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत जाऊन दाखवावं. थोडी ऐट करायची होती. अर्ध्यात पोचले आणि श्वासच पुरेना. कठडा धरून खाली बसले. वरून सुनेने पाहिलं. तिने बाळ विहीणबाईंच्या हातात दिलं, तोंडाला फडकं बांधलं आणि धाडधाड खाली आली. बाळंतीण बाई, धाडधाड! मी म्हणतेय, "अगं हळू, अगं टाके," आणि ती माझ्या पाठीला कान लावून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वरचं कोणी माझ्या जवळ आलं. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

"आई, छाती भरलीय की तुमची! आणि खोकत का नाही आहात?"

माझी नजर फळीकडे गेली असावी. तिने बाटली हुडकून काढली. तारीख बघितली, तीही उलटून गेलेली. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. पायरीवर मटकन बसली आणि तिचे डोळेच भरून आले.

"कुणासाठी घेतलंत हे?"

"गाठोड्यासाठी," मी म्हटलं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, बोटाला चिमटा लावला. न्यूमोनिया नाही म्हणाल्या, वेळेवर कळलं. ती जुनी बाटली बंद. नवीन दोन गोष्टी दिल्या. एक तोंडाने ओढायचा फवारा आणि एक पाण्यात फसफसणारी गोळी.

त्या गेल्यावर सून माझ्याजवळच बसली, खिडकी उघडून, फडकं न काढता. मी म्हटलं, अगं वर जा. म्हणाली, "जाते. आधी तुम्हाला समजावून जाते, नाहीतर उद्या आणखी काहीतरी शोधून काढाल." मग सांगितलं. ते जुनं औषध छातीत काही करतच नाही, ते डोक्याला गप्प बसवतं. छाती डोक्याला सांगते, इथे अडकलंय, खोक. औषध डोक्याला सांगतं, ऐकू नकोस, झोप. कोरड्या खोकल्यात ठीक, तिथे बाहेर काढायला काही नसतंच. शिवाय ते कफ सुकवणारं, झोप आणणारं. "आणि लाल औषध दुसरीकडून कफ सैल करून देतंय. सैल झालेलं जाणार कुठे, आई? दार तर तुम्ही लावून ठेवलंत."

विहीणबाई वरून ओरडल्या, सगळं ऐकत होत्या तर! "उतरणारे उतरलेच नाहीत आणि चढणारे चढतायत, मग गाडी भरणारच की हो!"

आणि आमचे हे, इतका वेळ कोपऱ्यात खळ ढवळत उभे. ते म्हणाले, "ओलं पुस्तक दाबात घातलंस तू."

एवढंच म्हणाले. मला इतकी शरम वाटली! ही गोष्ट मी पोराला शिकवते आणि स्वतःच्या छातीचं चाक स्वतःच फिरवून बसते. पण मग मला हसू आलं, हसल्यावर खोकला आला, आणि खोकल्याबरोबर काय काय आलं ते इथे लिहीत नाही. सून पाठ थोपटत "शाब्बास, शाब्बास" म्हणत होती. सासूला खोकल्याबद्दल शाबासकी देणारी सून मी पहिल्यांदाच पाहिली.

उद्या ते जाणार. माझी छाती काही उद्यापर्यंत साफ होत नाही. माझ्याच करणीने गेलं, कोणाला बोलणार? सून वर जाताना जिन्यात उभी राहून नवऱ्याशी काहीतरी कुजबुजली. विहीणबाईही त्यात. निरोपाची तयारी असेल.

रविवार, १९ तारीख

गाडी बिघडली!

सकाळी सामान बांधून तयार आणि गाडी सुरूच होईना. मी खिडकीतून बघत होते. मुलगा आत बसून चेहरा पाडून बाहेर आला. मी विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला "प्लग", सून म्हणाली "बॅटरी" आणि विहीणबाई म्हणाल्या "टायर". तिघं एकदम. बिचाऱ्याचं सगळंच एका वेळी बिघडलं. नवी गाडी, घेऊन किती दिवस झाले? मी म्हटलं, फसवलं तुला विकणाऱ्याने.

साहेबांनी रजाही वाढवून दिली. साहेब चांगला दिसतो.

दुसऱ्याच्या नुकसानीवर आनंद मानू नये, कळतं मला. पण मी मानला. थोडा.

मंगळवार, २१ तारीख

फसफसणाऱ्या गोळीला नासक्या अंड्याचा वास येतो. मी सुनेला म्हटलं, ही खराब झालीय, परत कर. ती म्हणाली, "वास तसाच असतो, तेच तिचं काम." कफात म्हणे धागे असतात, एकमेकांत गुंतलेले, म्हणून तर तो चिकट. ही गोळी ते धागे कापते. मला हेही समजलं! खळ उकाड्यात विटली की तिची तार तुटते, बोटाने उचलली तर पाण्यासारखी ओघळते. लाल औषध म्हणजे खळीत पाणी घालणं आणि ही गोळी म्हणजे तार तोडणं. फवारा तिसरा. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळून बसलेत, ते सैल करतो, वाट रुंद होते. शिवणीचा दोरा फार ओढला की पुस्तक उघडत नाही, मग जरा ढील द्यावी लागते.

सुनेने खोकायचंही शिकवलं. या वयात! नुसतं ठो-ठो नाही करायचं. खोल श्वास घ्यायचा, तोंड उघडं ठेवायचं आणि आरशावर वाफ धरतो तसं "हाः" करायचं. दोनतीनदा. की आपोआप वर सरकतं. मी आणि हे, दोघं दुकानात "हाः हाः" करत होतो, ते मला सोबत म्हणून. एक गिऱ्हाईक दारातून आल्या पावली परत गेलं.

मी सुनेला विचारलं, बाळाला कधी खोकला झाला तर यातलं काय द्यायचं? ती एकदम दुकानातल्या आवाजात म्हणाली, "काहीही नाही. एवढ्याशा बाळाला यातलं काहीही नाही. डॉक्टरकडे. आणि तुम्ही फळीमागे शोधायचं नाही." बरं बाई.

मेकॅनिक काही येत नाही. त्याच्या घरी कोणी आजारी आहे म्हणे.

गुरुवार, २३ तारीख

कफ आता पांढरा आणि थोडा. सगळं काही वहीत लिहिण्यासारखं नसतं, पण हा आनंद लिहिण्यासारखा आहे.

शब्दकोश वाळला. आता तो दाबात घातला, आता चालतो. पानांना थोडी लाट राहिलीय, ती राहणारच, पाणी बघितलंय त्याने. शाळेतल्या बाई संध्याकाळी आल्या, वडिलांचं अक्षर काढून बघितलं, एक शब्दही पुसला नव्हता. बराच वेळ पान उलटेचनात.

दुपारी मला मागच्या गल्लीतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी ह्यांना म्हटलं, अहो, आपल्या गाडीसारखा आवाज. हे म्हणाले, "कान झालेत म्हातारे." थोड्या वेळाने मुलगा दुधाच्या पिशव्या आणि बाळाचं सामान घेऊन आला, एवढं ओझं, आणि घामाचा थेंब नाही. पोरगं पहिल्यापासूनच काटक.

विहीणबाई आज पहिल्यांदा खाली आल्या, दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मी म्हटलं, तुम्हाला घरी जायचं नाही का, तुमचाही खोळंबा झाला. म्हणाल्या, "कंडक्टरला काय, शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय घंटा देता येत नाही." त्यांना नोकरी फार आठवते, दिसतं.

रविवार, २६ तारीख

डॉक्टरीणबाई आल्या. मी श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. त्यांनी कानातून नळी काढली आणि म्हणाल्या, "आजी, जिना चढा."

मी कपडे बदलले. हात धुतले, पुन्हा धुतले, नखांतली खळ काढली, पुन्हा धुतले. हे म्हणाले, "आता कातडी निघेल." जिना चढले, एकदाही न थांबता. वर खोलीत सगळे भिंतीला टेकून उभे, जणू मोठा पाहुणा येतोय. विहीणबाईंनी बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवताना हळूच म्हणाल्या, हळूच म्हणजे त्यांच्या मानाने, "चला, पुढे सरका. इथे जागा राखून ठेवली होती."

काय लिहू? माझ्या हाताला वजन कळतं. कुठल्या पुस्तकाला किती पानं, उचलून सांगते मी. पण हे वजन मला सांगता येईना. हलकं होतं, एवढंच. अंगाला ऊन लागावं तशी ऊब. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली. आमच्या ह्यांच्यासारखी आठी! मग नाकातून एक फूत्कार सोडला आणि पुन्हा झोपली.

मी तिच्या छातीला कान लावला. काही नाही. नुसतं येतंय आणि जातंय, कोऱ्या पानासारखं स्वच्छ. तिथेही ते बारीक केस कामाला लागले असतील, सगळं वर ढकलत, कोणी न सांगता.

सून शेजारी बसली होती. मी तिला म्हटलं, "तुला वाटलं असेल, सासू खालीच बरी." असं का बोलले कोण जाणे. ती म्हणाली, "आई, मी रोज जिन्यात येऊन उभी राहायचे ती काय हवा खायला?" आणि माझ्या खांद्याला टेकली. बाळंतपणाने दमलीय पोरगी. मी हललेच नाही, दोघी झोपल्या होत्या माझ्या अंगावर. पाय बधिर झाला तरी हलले नाही.

मंगळवार, २८ तारीख

आज गेले सगळे. विहीणबाईही त्यांच्याबरोबर, त्यांना वाटेत सोडणार. कालचा अख्खा दिवस मी खाली उतरलेच नाही. ह्यांनी एकट्याने दुकान सांभाळलं आणि दोन पुस्तकांचे पुठ्ठे अदलाबदल केले. असो.

निघताना सुनेने लाल बाटलीतलं उरलेलं औषध मोरीत ओतलं आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "फळीमागे काही ठेवायचं नाही. खोकला झाला तर मला फोन. डॉक्टरच्या आधी मला." मी म्हटलं, "हो, मास्तरीणबाई." गाठोडं तिच्या मांडीवर, तोंड उघडं टाकून झोपलेलं. आता मला त्याचं सगळं माहीत आहे, दोन्ही कान, पायाची बोटं, मानेवरची घडी.

मी मुलाला म्हटलं, वाटेत गाडी बंद पडली तर? लहान मूल बरोबर आहे. विकून टाक ही गाडी. तो हसायला लागला, सून हसायला लागली, विहीणबाई तर पदरात तोंड घालून हसल्या. काय एवढं हसण्यासारखं होतं ते मला कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून मीही हसले. पोटभर हसले आणि बघा, खोकला आला नाही.

मुलाने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, लोण्यासारखी.

मेकॅनिक मोठा गुणी असला पाहिजे. एवढं सगळं दुरुस्त करून गेला आणि मला एकदाही दिसला नाही.